घरातले पैसे कमी होतायत आणि संशय मुलावर आहे: काय करायचं, कोणत्या क्रमाने

साडीच्या घडीत ५०० च्या आठ नोटा होत्या, आज सहाच निघाल्या. महिन्यापूर्वी पर्समधले २०० कमी वाटले होते, तेव्हा "भाजीवाल्याला दिले असतील" म्हणून विषय सोडून दिला होता. आता मात्र नजर मुलाकडे जाते. इथे बहुतेक घरांत दोनपैकी एक चूक होते. एक तर मुलाला समोर उभं करून दरडावलं जातं, नाहीतर "आपला असं करणारच नाही" म्हणत पैसे दुसऱ्या डब्यात हलवून सगळे गप्प बसतात. पहिल्या प्रकारात मूल सफाईने खोटं बोलायला शिकतं. दुसऱ्यात त्याला नवा डबा सापडायला आठवडा लागतो, इतकाच फरक.

पुढचा क्रम साधारण ८ ते १७ वर्षांच्या मुलामुलींसाठी आहे. पाच-सहा वर्षांच्या पोराने मामाच्या घरची खेळण्यातली गाडी खिशात घातली तर त्याला चोरी म्हणू नये. "आवडली" आणि "माझी" यांतली रेघ त्या वयात पक्की झालेली नसते. सोबत जाऊन गाडी परत द्यायची, "ही दादाची आहे, हवी असेल तर मागायची" एवढंच सांगायचं आणि विषय संपवायचा.

आधी पंधरा दिवस वही

नक्की किती गेले, केव्हा गेले आणि कुठून गेले हे माहीत नसताना मुलाशी बोलायला बसू नका. घरात पैसे कुठे कुठे असतात ते आधी लिहून काढा. यादी वाटते त्यापेक्षा लांब निघते: पर्स, खुंटीवरच्या पँटचा खिसा, डाळीचा डबा, देवघरातली दक्षिणेची वाटी, भिशीचं पाकीट, दूधवाल्याचे बाजूला काढलेले, स्कूटरची डिकी, आजीची उशी.

मग रोज एकाच वेळी, समजा रात्री दहाला, प्रत्येक जागचे पैसे मोजा. नुसती बेरीज लिहू नका, नोटा लिहा: "डबा – ५०० च्या ४, १०० च्या ७, सुट्टे ६५". थप्पीतली मोठी नोट गेली तर लगेच लक्षात येते. रोज पन्नास-शंभर जाताहेत की आठवड्यातून एकदाच पाचशे, हे मात्र वहीशिवाय कळत नाही, आणि कारण शोधताना हाच फरक सगळ्यात उपयोगी पडतो. दर सोमवारी पैसे जात असतील तर सोमवारी क्लास असतो का, तिथे कोण भेटतं, हे बघता येतं. बँकेचे मेसेज आणि यूपीआयचा व्यवहार-इतिहास याच वहीत उतरवा. मेसेज पुसलेले असू शकतात, म्हणून बँकेच्या अ‍ॅपमधून खात्याचा उताराच काढा.

या पंधरा दिवसांत काही घरांत संशयच खोटा ठरतो. घरातल्या कर्त्याचा कुणाला न सांगितलेला खर्च असतो. आजी-आजोबांनी जागा बदलून ठेवलेले असतात आणि त्यांना ते आठवत नसतं. उतारवयात स्मृती ढासळायला लागली की वस्तू भलतीकडे ठेवणं आणि मग "कुणीतरी चोरली" म्हणणं ही नेहमीची सुरुवात असते. तसं वारंवार होत असेल तर डॉक्टरांना आजीला दाखवायचं, नातवाला नव्हे. आणि घरकामाच्या मावशींवर वहीत काही नसताना शब्दही काढू नका. खरा हात घरातल्या मुलाचा असला तर आपल्या वाट्याचा ठपका दुसऱ्यावर जाताना ते बघतं, आणि मग कबूल करणं त्याला दहापट जड होतं.

मुद्दाम नोट टेबलावर सोडून आडून बघत बसणं टाळा. भरात हात मारणारं मूल अशा सापळ्यात सापडतंच, पण कळतं एवढंच की उघड्यावरची नोट त्याला सोडवत नाही. घेण्यामागचं कारण तसंच राहतं, आणि "तुम्ही मला फसवलं" हे हत्यार मात्र त्याच्या हाती लागतं.

गळती बंद करा, गाजावाजा न करता

वही चालू असतानाच मोह कमी करायचा. रोख एकाच जागी, कुलपात आणि जेमतेम आठवड्याच्या खर्चापुरती ठेवा. किल्ली देवघरामागे लपवायची नाही, ती जागा घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असते. दागिने एकदा मोजून त्यांचे फोटो काढून ठेवा. बारीक वळी, कानातलं किंवा चांदीचं नाणं गेलेलं पुढच्या लग्नकार्यापर्यंत कळत नाही.

फोनकडे जास्त वेळ द्या, कारण आता बरेचसे पैसे कपाटातून जातच नाहीत. यूपीआयचा पिन बदला. जन्मतारीख, गाडीचा नंबर, १२३४ हे पिन मुलांना तोंडपाठ असतात. यूपीआय लाइट चालू असेल तर १,००० रुपयांपर्यंतचा व्यवहार पिनशिवाय होतो आणि त्यात एका वेळी ५,००० पर्यंत शिल्लक राहू शकते. मुलाच्या हाती जाणाऱ्या फोनवर ते बंदच करा. यूपीआय अ‍ॅपमध्ये ऑटोपे (ठरावीक मुदतीने आपोआप पैसे कापले जायची सोय) उघडून तुम्ही न दिलेली मंजुरी तिथे आहे का बघा. प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड लागेल असं करा आणि तिथे जोडून ठेवलेलं कार्ड काढून टाका. फोनच्या लॉकमध्ये मुलाचं बोट नोंदलेलं असेल तर ते पुसा. "गेमसाठी एकदाच लावलं होतं" हे बोट वर्षभर तसंच राहतं.

गेममधल्या खरेदीत पैसे गेले असतील तर प्ले स्टोअरवर परताव्याची विनंती ४८ तासांच्या आत करा. मिळतीलच असं नाही, पण नंतर शक्यता फार कमी उरते. अनोळखी माणसाने फसवून काढून घेतले असतील तर त्याच दिवशी १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा आणि बँकेलाही कळवा.

बोलायचं कसं

आधी आईवडिलांनी आपसात ठरवायचं, आणि एकत्र कुटुंब असेल तर आजी-आजोबांनाही सांगून ठेवायचं. एकाने रागवायचं आणि दुसऱ्याने मागून खिशात शंभर सरकवायचे, असं झालं की पुढचं काहीही टिकत नाही. बोलणारा एकच असावा, ज्याचा पारा उशिरा चढतो तो. दुसऱ्याने सोबत बसावं किंवा खोलीबाहेर राहावं.

वेळ सुट्टीच्या दिवशीची सकाळ किंवा दुपार. जेवणाच्या ताटावर नको, परीक्षेच्या आदल्या रात्री नको, भावंडं घरात असताना तर नकोच. वीस मिनिटं पुरतात. तासभर चाललेलं बोलणं ओरडण्यावरच जातं.

तुम्हाला नक्की माहीत असेल तर "तू घेतलेस का?" हा प्रश्न विचारूच नका. उत्तर ठाऊक असताना विचारलेला प्रश्न म्हणजे मुलाला खोटं बोलायचं आमंत्रण, आणि मग चोरीच्या जोडीला खोटेपणाचंही भांडण सुरू होतं. त्याऐवजी वहीतलं वाचावं तसं सांगा: "मंगळवारी रात्री डब्यात ५०० च्या चार नोटा होत्या, बुधवारी संध्याकाळी तीन. गेल्या रविवारी २०० गेले. ते तू घेतलेस हे आम्हाला कळलंय. मारणार नाही, कुणाला सांगणार नाही. पैसे कशाला लागले आणि परत कसे येणार, एवढं बोलायचंय." आणि गप्प बसा. दोन-तीन मिनिटांची शांतता मोठ्यांनाच सोसवत नाही. ती सोसलीत तर बहुतेक मुलं काहीतरी बोलतात. आधी निम्मंच कबूल करतात, "फक्त एकदाच". त्यावर तुटून पडू नका. "ठीक, बाकीचं आठवलं की सांग, उद्या रात्री पुन्हा बसू," एवढंच म्हणा.

नक्की माहीत नसेल तर खोटी खात्री दाखवू नका. "कॅमेऱ्यात दिसलंय" अशी थाप उघडी पडली की तुमच्या शब्दाला किंमत राहत नाही. अशा वेळी सगळ्या घराला एकत्र सांगायचं: "घरातून १,२०० रुपये गेलेत. कुणाला काही माहीत असेल तर शनिवारपर्यंत मला एकट्याला येऊन सांगा." आणि शनिवारपर्यंत खरंच काही बोलायचं नाही.

"चोर" हा शब्द घरात वापरायचा नाही, थट्टेतसुद्धा. "पैसे घेतलेस" म्हणा. भावंडांनी तो शब्द उचलला तर त्यांनाही तिथेच थांबवा.

आणि त्या रात्रीबद्दल एक गोष्ट, जी घाईत राहून जाते. पकडलं गेल्यावरचे पहिले एक-दोन दिवस मोठ्या मुलांसाठी नाजूक असतात. तोंड दाखवायला जागा नाही असं वाटून पोरं घर सोडतात, कधी जिवाचंही बरंवाईट करून घेतात. म्हणून बोलणं संपताना पुढचा कार्यक्रम ठरवा: "आता जेवू, उद्या शाळेत नेहमीसारखं जा." त्या रात्री त्याला एकटं खोलीत कोंडू नका. "मी नकोच तुम्हाला", "मेलेलं बरं" असलं काही बोललं तर नाटक समजू नका. जवळ बसा, औषधं आणि कीटकनाशकं हाताला लागणार नाहीत अशी ठेवा आणि टेलिमानसच्या १४४१६ वर फोन करा. ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन २४ तास चालते, फुकट आहे आणि मराठीतही बोलता येतं.

पैसे गेले कुठे

इथे घाई करू नका. पैसे कशावर गेले यावरूनच पुढचा उपाय ठरतो.

थोडे पैसे, पण नियमित, आणि घरात नवं काही दिसत नाही: कुणीतरी उकळत असण्याची शक्यता आधी तपासा. बस थांब्यावरची मोठी पोरं रोज वीस-पन्नास काढून घेतात आणि घरी सांगितलंस तर बघ म्हणतात. असं मूल डबा न खाता परत आणतं, शाळेचा रस्ता बदलतं, सोमवारी सकाळी पोट दुखतं म्हणतं. त्याला शिक्षा केलीत तर दोन्हीकडून मार बसला. वर्गशिक्षकांना लेखी कळवा आणि काही दिवस नेआण स्वतः करा. फोटोवरून धमकी देऊन पैसे मागितले जात असतील तर एक रुपयाही देऊ नका, चॅट पुसू नका, स्क्रीनशॉट ठेवा आणि १९३० वर तक्रार करा.

वडापाव, आइस्क्रीम, वाढदिवसाच्या पार्ट्या, सगळं मित्रांवर खर्च: हे मूल मैत्री विकत घेतंय. नवी शाळा, नवं गाव, नुकतंच झालेलं धाकटं भावंड किंवा आईवडिलांचं बिनसलेलं, असं काहीतरी मागे असतं. वसतिगृहातून सुट्टीला आलेल्या मुलांतही हे दिसतं.

गेममधली हत्यारं, कपडे, "डायमंड": इथे रक्कम झपाट्याने वाढते, कारण पडद्यावर ८० रुपये हे पैसे वाटतच नाहीत. पैसे लावून खेळायच्या गेमवर २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आली असली तरी चोरवाटांनी चालणारे सट्टे आहेतच. क्रिकेटच्या हंगामात मोठ्या रकमा जायला लागल्या की हा प्रश्न नक्की विचारा.

व्यसन: वासाकडे लक्ष द्या. व्हाइटनर, पंक्चरचं सोल्यूशन, थिनर हुंगणाऱ्या मुलाच्या कपड्यांना रसायनाचा वास येतो, दप्तरात चिंधी किंवा रुमाल भिजून कडक झालेला सापडतो, नाकातोंडाभोवती पुरळ असतं, डोकं दुखत असतं. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, ई-सिगारेटवर देशभर २०१९ पासून, आणि १८ वर्षांखालच्यांना तंबाखू विकणं गुन्हा आहे. तरी शाळेजवळच्या टपरीवर काय मिळतं हे मुलाला तुमच्यापेक्षा चांगलं माहीत असतं. व्यसनाच्या शंकेवर घरगुती उपाय करत बसू नका. १४४४६ ही राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइन आहे. पुण्यात मुक्तांगणसारखं १९८६ पासून काम करणारं केंद्र आहे.

आणि काही मुलं निव्वळ दिसलं म्हणून उचलतात. पुढचा-मागचा विचार येण्याआधीच हात गेलेला असतो. हेच मूल वर्गात बसत नसेल, वस्तू हरवत असेल, वाक्य तोडून मध्येच बोलत असेल तर एडीएचडीची (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा आणि उतावीळपणा यांची समस्या) तपासणी करून घ्या. या मुलांना उपदेश कमी आणि कुलूप जास्त उपयोगी पडतं, आणि निदान झालं तर उपचार आहेत.

एक कारण मोठ्यांच्या पदरात टाकण्यासारखं आहे. भाऊबीजेची ओवाळणी, मुंजीतला आहेर, पाहुण्यांनी जाताना हातावर ठेवलेली नोट, हे सगळं "ठेवते तुझ्यासाठी" म्हणून घेतलं जातं आणि किराण्यात जातं. मूल विसरत नाही. त्याच्या हिशोबात ते आपलेच पैसे परत घेत असतं. असं असेल तर तो आकडाही वहीत लिहा आणि भरपाईतून वजा करा.

भरपाई

शिक्षेपेक्षा भरपाई बरी, पण ती संपणारी हवी. समजा १,७०० रुपये गेले आणि खाऊला आठवड्याला १०० मिळतात. सगळे १०० कापले तर सतरा आठवडे लागतात. चार महिने खिसा रिकामा राहिला की मूल पुन्हा डब्याकडे वळणार. म्हणून सहा ते आठ आठवड्यांत बसेल असं आखा. आठ आठवडे दर आठवड्याला ५० कापायचे, ५० हातात राहू द्यायचे, हे झाले ४००. जादा कामाचे दर ठरवायचे: माळा साफ करणं १५०, सगळे पंखे पुसणं १००, स्कूटर धुणं ५०. अशा कामांतून ९०० सहज फिटतात. उरलेले ४०० त्याची स्वतःची एखादी वस्तू विकून किंवा साठवलेल्यातून. रोजची कामं, म्हणजे पाणी भरणं, ताट उचलणं, यांत धरायची नाहीत. ती सगळेच करतात. ओवाळणीचं देणं वजा करायचं असेल तर आधी ते करा. एका कागदावर रक्कम, तारखा आणि दोघांच्या सह्या घ्या. शेवटचा हप्ता फिटला की तो कागद त्याच्यासमोर फाडून टाका.

खाऊचे पैसे अजिबात मिळत नसतील तर आता सुरू करा. आठवड्याला ५० का होईना, ठरलेल्या वारी, न मागता. दहा वर्षांवरच्या मुलाला पोस्टात स्वतःच्या सहीने चालवता येणारं बचत खातं उघडता येतं, ५०० रुपयांत. पासबुकावर स्वतःचं नाव बघणाऱ्या मुलाला "कुणाचे पैसे" हे वेगळं समजवावं लागत नाही.

पैसे नातेवाइकांकडून घेतले असतील तर मुलाने स्वतः जाऊन द्यावेत, तुम्ही सोबत जा. आत्याला आधी फोन करून सांगा की फक्त "बरं झालं आणलेस" म्हणायचं. ती सगळ्यांसमोर व्याख्यान देणारी असेल तर चिठ्ठीसह पाकीट पाठवा.

कशाने बिघडतं

उलथन्याचा चटका, मिरचीची धुरी, खांबाला बांधणं: अजूनही घराघरांत होतं. बाल न्याय कायद्याच्या कलम ७५ खाली मुलाशी क्रूरपणे वागणं गुन्हा आहे, मग ते जन्मदाते का असेनात. आणि फळ काय, तर पुढच्या वेळी मूल पुरावा ठेवत नाही.

मंतरलेले तांदूळ चावायला देऊन चोर ओळखणारे अजून काही गावांत सापडतात. ज्याचे तांदूळ कोरडे राहतील तो चोर. घाबरलेल्या माणसाच्या तोंडाला कोरड पडते, यापलीकडे त्यात काही नाही. घरातलं सगळ्यात भित्रं पोर दरवेळी चोर ठरतं आणि निर्ढावलेलं सुटतं. देवासमोर शपथ घ्यायला लावणं हा त्याचाच सौम्य प्रकार.

पोलीस चौकीत "जरा दम द्यायला" नेणंही नकोच. सात वर्षांखालच्या मुलाचं कुठलंच कृत्य कायद्याने गुन्हा ठरत नाही. सात ते बारा वयात त्याला पुरेशी समज होती का हे बघितलं जातं. अठरा वर्षांखालच्या मुलाचं प्रकरण बाल न्याय मंडळाकडे जातं आणि त्याला कोठडीत ठेवता येत नाही. चुलत्यांनी रागाच्या भरात तक्रारीची भाषा केली तर त्यांना हे शांतपणे सांगा. मुलालाच कुणी मारत, छळत असेल तर १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे.

डॉक्टर कधी

भरपाई नीट चालू असूनही तीन महिन्यांत पुन्हा पैसे गेले तर. चोरीबरोबर प्राण्यांना इजा करणं, आग लावणं, रात्री घराबाहेर राहणं, शाळा बुडवणं, मारामाऱ्या यांतलं काही वर्षभर दिसत असेल तर थांबूच नका. नको असलेल्या वस्तू केवळ आवेगाने उचलण्याचा आजार, क्लेप्टोमेनिया, खरा आहे पण फार विरळ. शेजाऱ्यांनी केलेल्या निदानावर जाऊ नका. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभागाची ओपीडी असते. जाताना ती वही न्या, शाळेची प्रगतिपुस्तकं न्या, झोप, भूक आणि फोनचे तास लिहून न्या. मुलाला "दवाखान्यात तुझी तक्रार करायला" नेऊ नका. "घरात सगळ्यांचंच बिनसलंय, त्यावर बोलायला जातोय," असं सांगून न्या. ते खोटंही नसतं.

विश्वास परत देताना

भरपाई संपली की पुढच्या आठवड्यात त्याला किराण्याला पाठवा. आधी २०० देऊन, मग ५०० देऊन, नंतर लाइटबिलाचे देऊन. उरलेले पैसे त्याच्यासमोर मोजून घ्या आणि बिल त्यालाच वहीत चिकटवू द्या. वही बंद करू नका, पण आता तिच्यात सगळ्या घराचा खर्च लिहा, तुमच्या चहा-सिगारेटसकट. कधीतरी पुन्हा १०० कमी भरतील. तेव्हा आधी वही उघडा, पर्सचे कप्पे बघा, आजीला विचारा. आणि ते पैसे धुवायच्या पँटच्या खिशात निघाले, तर ते कुठे सापडले हेही मुलाच्या कानावर जाऊ द्या.